पाच वर्षं न गेलेले फिकट चट्टे: करवीर तालुक्यातल्या एका मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुलगी १७ वर्षांची, करवीर तालुक्यातल्या एका गावातली, बारावीत शिकणारी. वडील शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत कामाला, आई घरचं आणि गोठ्यातलं बघते. ओळख पटू नये म्हणून वय, घर आणि काही तपशील बदलले आहेत. आजार कसा दिसला, कसा वाढला आणि कोणत्या वळणावर काय ठरलं, ते मात्र जसंच्या तसं ठेवलं आहे.

ती सातवीत असताना आईला तिच्या कमरेवर दोन फिकट चट्टे दिसले. खाज नाही, दुखणं नाही. अशा चट्ट्यांवर गावाकडे उत्तरं तयार असतात: जंत झालेत, नाहीतर कॅल्शियम कमी पडलंय. जंताचं औषध झालं, कॅल्शियमच्या गोळ्याही झाल्या. पुढच्या उन्हाळ्यात चट्टे मांड्यांवर आले तेव्हा कुणीतरी शिबं म्हटलं आणि औषधाच्या दुकानातून एक मलम आलं. त्यात बुरशीवरचं औषध होतं आणि जोरदार स्टिरॉइडही होतं. स्टिरॉइडमुळे चट्टा थोडा भरल्यासारखा दिसायचा, मलम थांबलं की पुन्हा तसाच. हे चक्र दोन-तीन वर्षं चाललं.

दहावीच्या वर्षी गावात घरोघरी कुष्ठरोगाची तपासणी झाली. आशाताईंना तिच्या दंडाच्या आतल्या बाजूचा चट्टा दिसला आणि त्यांनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवलं. त्यांनी अगदी योग्य केलं. २००५ च्या डिसेंबरात देशपातळीवर कुष्ठरोगाचं प्रमाण दहा हजारांमागे एका रुग्णाच्या खाली आलं, पण रोग संपलेला नाही. जगातल्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून जास्त आजही भारतातच सापडतात. जुना, न खाजणारा, फिकट चट्टा दिसला की आपल्या भागात पहिला विचार कुष्ठरोगाचाच व्हायला हवा.

केंद्रात संवेदना तपासली गेली. दंडावर स्पर्श कळत होता. मांडीवरच्या एका चट्ट्याबद्दल कागदावर ‘संशयास्पद’ अशी नोंद झाली. चट्टे पाचापेक्षा जास्त होते, म्हणून १२ महिन्यांची एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्र द्यायची अनेक औषधं, सुरू झाली. या गोळ्यांपैकी क्लोफाझिमिनमुळे कातडीला तांबूस-तपकिरी छटा येते. ती आली तेव्हा चट्टे झाकल्यासारखे झाले आणि औषध लागू पडलं असं घरच्यांना वाटलं. गोळ्या संपल्यावर छटा हळूहळू उतरली. जुने चट्टे पुन्हा दिसू लागले आणि त्यांच्या जोडीला, औषध चालू असताना उठलेले नवेही दिसले.

त्या वर्षभरात घरात आणखी एक गोष्ट घडली, जी कुठल्याच केसपेपरवर नाही. आजीनं नातीचं ताट-वाटी वेगळी ठेवली. एमडीटीचा पहिला डोस सुरू झाल्यावर कुष्ठरोगाचा संसर्ग फार लवकर थांबतो, हे त्या घरात कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

समोर आलेला प्रश्न

बारावीचं वर्ष सुरू होताना ती आमच्याकडे, त्वचारोगाच्या दवाखान्यात आली. चट्टे दोन्ही मांड्या, नितंब, कंबर, पोटाची खालची बाजू आणि दंडाच्या आतल्या भागावर होते. चेहरा आणि हाताचे पंजे मोकळे. म्हणजे कपड्यांनी कायम झाकलेली, ऊन न लागणारी जागा. रुग्णाचा स्वतःचा बोटांसकट तळहात म्हणजे अंगाच्या कातडीचा साधारण १ टक्का धरतात. त्या मापानं चट्टे १० टक्क्यांच्या थोडे वर भरत होते.

कापसाचा स्पर्श, टोचणं, गरम-गार हे सगळं प्रत्येक चट्ट्यावर तपासलं. डोळे मिटून तिनं दर वेळी जागा अचूक दाखवली. कोपराजवळची, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची आणि मानेवरची नस हाताला जाड लागत नव्हती. वूड्स लॅम्पखाली, म्हणजे अतिनील दिव्याखाली, चट्टे खडूसारखे पांढरेशुभ्र दिसले नाहीत, त्यामुळे कोड बाजूला पडलं. खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, बुरशी नव्हती. काही चट्ट्यांवर मात्र अगदी बारीक कोंडा होता, आणि दोन ठिकाणी कातडी किंचित पातळ, बारीक सुरकुत्या पडल्यासारखी होती.

एमडीटी पूर्ण होऊनही चट्टा राहिला, म्हणून तो कुष्ठरोगाचा नव्हता असं म्हणता येत नाही. रोगजंतू मेले तरी कातडीचा रंग पुरता परत येईलच असं नसतं. पण संवेदना शाबूत, नसा साध्या, आणि औषध घेत असतानाही नवे चट्टे येत राहणं, हे तिन्ही एकत्र आल्यावर कुष्ठरोगाचं निदान टिकणं अवघड होतं.

अशा वेळी जे नाव मनात यायला हवं ते म्हणजे मायकॉसिस फंगॉइड्स, कातडीत सुरू होणारा टी-पेशींचा लिम्फोमा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. पाठ्यपुस्तकात त्याचं चित्र असं असतं: पन्नाशी-साठीतला गोरा माणूस, अंगावर लालसर, खवलेदार चट्टे. फ्रान्सच्या आलिबेर यांनी १८०६ मध्ये हा आजार पहिल्यांदा वर्णन केला, तेव्हापासून त्याची बरीचशी चित्रं युरोपीय कातडीवरूनच आली आहेत. सावळ्या आणि काळ्या कातडीत, विशेषतः मुलांमध्ये आणि तरुणांमध्ये, त्याचं फिकट चट्ट्यांचं रूप दिसतं. भारत, आखाती देश, आफ्रिकी वंशाचे लोक आणि आग्नेय आशिया, इथून अशा रुग्णांची वर्णनं वारंवार आली आहेत. गोऱ्या लोकांत ते क्वचितच नोंदलं जातं. आपल्याकडे चट्ट्याचा लालपणाही नीट उठून दिसत नाही, तो तपकिरी किंवा जांभळट वाटतो. लाल चट्टा शोधत बसणाऱ्या डॉक्टरच्या डोळ्यासमोरून हा आजार निघून जाऊ शकतो.

पहिली बायोप्सी आणि पहिला निर्णय

मांडीवरच्या एका चट्ट्याचा तुकडा आधीच दुसरीकडे तपासला गेला होता. अहवालात रक्तवाहिन्यांभोवती थोड्या लिम्फोसाइट (पांढऱ्या) पेशी, ग्रॅन्युलोमा (कुष्ठरोगात दिसणारे पेशींचे पुंजके) नाही, ‘विशिष्ट निदान नाही, लक्षणांशी पडताळून पाहावे’ असं लिहिलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेतला होता. तसा अर्थ लावणं साहजिक होतं.

आता तीन वाटा होत्या. अहवाल मान्य करून साध्या उपचारांवर काही महिने वाट बघायची. थेट मुंबईला पाठवून द्यायचं. किंवा इथेच पुन्हा, पण वेगळ्या तयारीनं बायोप्सी करायची.

तिसरी वाट धरली, कारण पहिला तुकडा घेतला तेव्हा ते स्टिरॉइडचं मलम चालू होतं. स्टिरॉइड लावलेल्या कातडीतून टी-पेशी तात्पुरत्या मागे हटतात आणि तुकड्यात पुरावाच सापडत नाही. म्हणून सगळी मलमं चार आठवडे पूर्ण बंद ठेवली, फक्त साधं खोबरेल तेल चालू ठेवलं. मग बारीक कोंडा असलेल्या आणि कातडी पातळ झालेल्या अशा दोन वेगवेगळ्या जागांवरून तुकडे घेतले. सोबत फोटो, चट्ट्यांचा नकाशा, आधीच्या औषधांची यादी आणि स्पष्ट शब्दांत संशय लिहिला: फिकट मायकॉसिस फंगॉइड्स असू शकतो, कुष्ठरोग वगळायचा आहे.

या शेवटच्या ओळीला मी फार महत्त्व देते. पॅथॉलॉजिस्टला कातडी दिसत नाही, त्यांच्यापुढे चिमूटभर तुकडा असतो. ‘फिकट चट्टा, कारण?’ एवढंच लिहून पाठवलं, तर ते आपल्या भागात जे जास्त आढळतं तेच आधी शोधणार. कुष्ठरोग नाही, इतकं कळवून अहवाल संपतो.

दुसऱ्या वेळी चित्र स्पष्ट होतं. बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरात, किंचित मोठ्या आणि वेड्यावाकड्या केंद्रकाच्या लिम्फोसाइट पेशी ओळीनं बसलेल्या, प्रत्येकीभोवती पांढरी कड. इसबात असते तशी सूज त्या थरात नव्हती. विशेष रंगांच्या तपासणीत टी-पेशींवरच्या ओळखखुणा पाहिल्या: सीडी ३ सर्वत्र होतं, सीडी ७ बऱ्याच पेशींतून नाहीसं झालेलं, आणि सीडी ८ ही खूण असलेल्या पेशींचं प्रमाण वरचढ. फिकट रूपात सीडी ८ पेशी जास्त असणं हे नेहमीचंच. रंग तयार करणाऱ्या पेशींवर आणि रंगाच्या वाटपावर याच पेशींचा परिणाम होऊन चट्टा फिकट पडत असावा, असा आजचा समज आहे.

टी-पेशींच्या जनुकाची क्लोनॅलिटी, म्हणजे त्या सगळ्या एकाच पेशीपासून वाढल्यात का, ते तपासायचं का, यावर विचार झाला. या रूपात ती बऱ्याचदा नकारात्मक येते, आणि तशी आली तरी निदान बदलणार नव्हतं. ज्या चाचणीच्या उत्तरानं पुढचं पाऊल बदलणार नाही, तिच्यासाठी फौंड्रीतल्या पगारातून पैसे काढायला लावणं मला पटलं नाही. त्याऐवजी स्लाइड आणि ब्लॉक मुंबईला लिम्फोमा बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे दुसऱ्या मतासाठी पाठवले. निदानाला दुजोरा मिळाला.

कोणाचे आकडे धरायचे

खरा कठीण टप्पा इथून पुढे होता. निदान सांगितलं त्याच रात्री मुलीच्या काकांनी मोबाइलवर वाचून काढलं. दुसऱ्या दिवशी वडील आले ते प्रिंट काढलेले कागद घेऊनच.

“मॅडम, ह्यात लिवलंय साठीतल्या माणसाला हुतंय. मग आमच्या पोरीला कसं झालं? आणि हे बघा, रक्तात गेलं की वाचत न्हाईत म्हणून लिवलंय.”

कागद खोटे नव्हते. त्यातले आकडे दुसऱ्याच लोकांचे होते, आणि एक परिच्छेद तर दुसऱ्याच आजाराचा, रक्तात पसरणाऱ्या सेझारी सिंड्रोमचा होता. वडिलांना ‘घाबरू नका’ म्हणून परत पाठवता आलं असतं. त्याऐवजी त्यांना बसवून हे आजार जगात कसे विभागले गेलेत ते सांगितलं. ते इथे जरा विस्तारानं मांडते, कारण ज्यांच्या घरी असं निदान होतं त्यांना हे मराठीत वाचायला मिळत नाही.

कातडीतले लिम्फोमा दोन मोठ्या गटांत येतात, टी-पेशींचे आणि बी-पेशींचे. नेदरलँड्स आणि ऑस्ट्रियातल्या १९०५ रुग्णांच्या नोंदींवर २००५ चं जागतिक वर्गीकरण बरंचसं उभं राहिलं. त्यात मायकॉसिस फंगॉइड्सचे रुग्ण ४४ टक्के होते आणि बी-पेशींच्या लिम्फोमांचा वाटा पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त. आशियातल्या मालिकांत हे दुसरं पारडं हलकं होतं. जपान-कोरियात बी-पेशींचे लिम्फोमा कातडीत कमी दिसतात. युरोपच्या काही भागांत बी-पेशींच्या या लिम्फोमांशी गोचिडीतून पसरणाऱ्या बोरेलिया जिवाणूचा संबंध सापडला आहे, पण तोच संबंध अमेरिकेत आणि आशियात सापडलेला नाही.

दुसरीकडे, नाकात आणि कातडीत होणारा नॅचरल किलर (प्रतिकारशक्तीच्याच आणखी एका जातीच्या पेशी) व टी-पेशींचा लिम्फोमा पूर्व आशियात आणि मध्य-दक्षिण अमेरिकेत ठळकपणे जास्त. त्याच्या पेशींत एपस्टाइन-बार विषाणू असतो. हा विषाणू जगातल्या बहुतेक सगळ्या प्रौढांना होऊन गेलेला असतो, आपल्यालाही. म्हणजे विषाणू एकटा हा फरक समजावून देऊ शकत नाही. विषाणूला शरीर कसं तोंड देतं, यात काहीतरी वेगळं असणार. याउलट प्रौढांतला टी-पेशी ल्युकेमिया-लिम्फोमा पूर्णपणे विषाणूच्या भूगोलावर चालतो. एचटीएलव्ही-१ विषाणू नैऋत्य जपानात, क्युशू आणि ओकिनावाकडे, तसाच कॅरिबियन बेटांवर घराघरात आईच्या दुधातून उतरत आला. तो आजार तिथेच जास्त दिसतो, आणि त्यातही विषाणू असलेल्यांपैकी थोड्याच जणांना.

कातडीखालच्या चरबीत होणाऱ्या एका टी-पेशी लिम्फोमाची गोष्ट २०१८ मध्ये उलगडली. त्या रुग्णांपैकी पुष्कळांच्या जन्मजात जनुकांत एचएव्हीसीआर२ नावाच्या जनुकाचा दोष सापडला. पूर्व आशियाई आणि पॉलिनेशियन वंशाच्या लोकांत दोषाची एक जात, युरोपीय वंशाच्या लोकांत दुसरी. पायावर, दंडावर गाठी येऊन ताप येणाऱ्या तरुण रुग्णात हा आजार असू शकतो, आणि तो संसर्ग किंवा ल्युपस समजून चालवला जातो. आपल्या भागातल्या डॉक्टरांनी तोही ध्यानात ठेवावा.

आणि अमेरिका. तिथल्या १९७३ ते २००२ च्या नोंदींत टी-पेशींच्या कातडीतल्या लिम्फोमाचं प्रमाण दर दहा लाखांमागे वर्षाला ६.४ होतं. गोऱ्यांमध्ये ६.१, कृष्णवर्णीयांमध्ये ९. कृष्णवर्णीय रुग्णांत आजार कमी वयात दिसतो आणि एकूण परिणाम वाईट असतो. त्याची कारणं आजाराच्या स्वभावातही आहेत आणि उशिरा होणाऱ्या निदानातही. त्याच लोकांमधलं फिकट चट्ट्यांचं रूप मात्र सौम्य चालीचं असतं. एकाच समाजात दोन टोकं एकत्र असतात, ती अशी.

वडिलांनी विचारलं, मग आपल्या जिल्ह्यात किती? २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. अमेरिकेचा ६.४ हा दर तिला लावला तर वर्षाला २५ च्या आसपास नवे रुग्ण येतात. हा हिशेब करून दाखवला आणि लगेच तो कोल्हापूरचा आकडा म्हणून का वापरायचा नाही तेही सांगितलं. अमेरिकेची लोकसंख्या आपल्यापेक्षा वयानं मोठी, आणि हा आजार उतारवयात वाढतो. कातडी वेगळी, डॉक्टरपर्यंत पोचायची सोय वेगळी. शिवाय रुग्णालयांतून छापल्या जाणाऱ्या मालिकांत जे तिथवर पोचले तेवढेच मोजले जातात. फिकट चट्टा तरुण पोरीच्या अंगावर चटकन दिसतो आणि लग्नाच्या काळजीनं दवाखान्यात आणला जातो. साठीतल्या शेतकऱ्याच्या पाठीवरचा तपकिरी चट्टा कोण दाखवतं? आपल्या मालिकांत तरुण आणि फिकट रूपाचे रुग्ण इतके दिसतात, त्यात या निवडीचा वाटा किती आणि जीवशास्त्राचा किती, हे लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदींशिवाय ठरणार नाही. बार्शीला १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू आहे, पण अशा नोंदण्यांच्या तक्त्यांत कातडीचे लिम्फोमा बहुधा ‘नॉन-हॉजकिन लिम्फोमा’ या एकाच ओळीत मिसळून जातात.

हे सगळं ऐकून वडील बराच वेळ कागद चाळत राहिले. मग म्हणाले, “म्हंजे हे आमच्या पोरीचं न्हवंच की.” त्यांना मुद्दा पोचला होता. त्यांना हेही सांगितलं की हा लिम्फोमाच आहे, कर्करोगांच्या कुळातलाच, आणि आयुष्यभर लक्ष ठेवावं लागेल. दिलासा देण्यासाठी ही गोष्ट लपवली असती, तर पुढे प्रत्येक तपासणीला तिची गैरहजेरी लागली असती.

विचारात घेतलेले पर्याय

रक्ताची तपासणी, रक्तातल्या सेझारी पेशींसाठी (रक्तात उतरलेल्या लिम्फोमाच्या पेशींसाठी) स्मिअर, एलडीएच या विकराची पातळी, छातीचा एक्स-रे आणि काखा-जांघेतल्या गाठींची सोनोग्राफी केली. सगळं नीट आलं. १० टक्क्यांहून जास्त कातडीवर सपाट चट्टे, बाकी काही नाही, म्हणजे आय-बी, सुरुवातीचा टप्पा. गाठी हाताला लागत नसताना १७ वर्षांच्या मुलीचं सीटी स्कॅन करायचं नाही असं ठरलं.

पुण्यात नोकरी करणाऱ्या आतेभावाचा आग्रह होता की थेट केमोथेरपी सुरू करावी. लिम्फोमा म्हटलं की केमो, हे समीकरण लोकांच्या डोक्यात पक्कं आहे. सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उपयोग होत नाही. उलट प्रतिकारशक्ती खाली येते आणि आजार परततोच. मुंबईतल्या तज्ज्ञांचंही मत तेच पडलं, आणि ते आतेभावाला फोनवर ऐकवल्यावर विषय मिटला. घरातल्या शिकलेल्या माणसाला चर्चेतून वगळलं की तो बाहेरून निर्णय हलवतो. म्हणून त्याला मुद्दाम सामील करून घेतलं.

फक्त जोरदार स्टिरॉइड मलम लावणं सोपं होतं, पण इतक्या मोठ्या भागावर महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, आणि या मुलीनं ते आधीच वर्षानुवर्षं लावलेलं. सोरालेन (कातडी प्रकाशाला संवेदनशील करणारी) गोळी आणि यूव्हीए या अतिनील किरणांचा उपचार जाड चट्ट्यांवर जास्त चालतो. पण गोळीनं मळमळतं, दिवसभर काळा चष्मा लागतो, आणि दीर्घकाळात कातडीच्या इतर कर्करोगांचा धोका वाढतो. तिचे चट्टे पातळ होते. अशा चट्ट्यांना ३११ नॅनोमीटरच्या नॅरोबँड यूव्हीबी किरणांचा उपचार पुरतो, गोळी लागत नाही.

अडचण होती ती येण्याजाण्याची. आठवड्यातून तीनदा यायला हवं. बारावीचं वर्ष, फेब्रुवारीत परीक्षा. आईला वाटत होतं, परीक्षा होऊ दे मग बघू. हा आजार इतका सावकाश चालतो की काही महिने थांबल्यानं जिवाला धोका नव्हता, आणि ते मी आईला खरं तेच सांगितलं. पण पाच वर्षं कुणी ना कुणी ‘नंतर बघू’ म्हणतच आलं होतं. मग मुलीलाच विचारलं. तिची शिकवणी कोल्हापुरात आठवड्यातून तीन दिवस होती. ती म्हणाली, क्लास सुटल्यावर येते, केएमटीची पुढची गाडी धरते. निर्णय तिनं घेतला, आणि पुढे तिनं तो पाळला त्याचं मला वाटतं हेच मुख्य कारण.

केलेले उपचार

किरणांचा डोस कमी ठेवून सुरुवात केली आणि दर वेळी थोडा थोडा वाढवला. डोळ्यांना गॉगल, आणि त्या दिवसांत झाकल्या अंगाला वेगळं ऊन द्यायचं नाही. सर्वांत पातळ झालेल्या दोन जागा सोडून बाकी हट्टी चट्ट्यांवर मर्यादित काळासाठी स्टिरॉइड मलम, तारीख घालून.

पहिल्या दोन महिन्यांत एक गोष्ट घडते ती आधी सांगून ठेवावी लागते. किरणांनी आजूबाजूची कातडी काळवंडते आणि चट्टे आधीपेक्षा जास्त उठून दिसतात. ‘वाढलं’ म्हणून पुष्कळ जण इथेच उपचार सोडतात. तिच्या आईला हे पहिल्याच दिवशी फोटो दाखवून सांगितलं होतं. दिवाळीच्या सुमारास त्या थोड्या धास्तावल्या, पण पोरीला पाठवत राहिल्या.

आजीशी वेगळं बोलले. आजार कुष्ठरोग नाही, आणि कुष्ठरोग असता तरी ताट वेगळं करायचं कारण नव्हतं, हे दोन्ही सांगितलं. पहिलंच सांगितलं असतं तर गावातल्या पुढच्या खऱ्या कुष्ठरुग्णाचं ताट वेगळंच राहिलं असतं.

प्राथमिक आरोग्य केंद्रालाही सविस्तर पत्र लिहिलं, दोन्ही बायोप्सींच्या अहवालांसह. तक्रार म्हणून नाही. मुलीचं नाव कुष्ठरोगाच्या नोंदीत होतं, तिथे बदललेलं निदान लिहिलं जाणं गरजेचं होतं. तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्वतः फोन करून चौकशी केली. एमडीटी चालू असताना नवे फिकट चट्टे येत असतील आणि संवेदना शाबूत असेल, तर असे रुग्ण बायोप्सीसाठी पाठवायचे असं आमचं ठरलं.

परिणाम

चौथ्या महिन्यात चट्ट्यांच्या आत केसांच्या मुळांशी रंगाचे ठिपके दिसू लागले. परीक्षेच्या महिन्यात फेऱ्या आठवड्यातून एक केल्या, नंतर पुन्हा वाढवल्या. वर्षाच्या आत मांड्या, पोट आणि दंड जवळपास भरले. नितंबांवरचे दोन चट्टे राहिले. तिथून पुन्हा छोटा तुकडा घेतला, त्यात पेशी फारच थोड्या उरल्या होत्या.

उपचार एकदम न थांबवता फेऱ्या हळूहळू लांबवल्या. पूर्ण थांबल्यावर काही महिन्यांनी कमरेवर तीन लहान चट्टे परत आले. या आजारात असं होणं अपेक्षित असतं आणि तिला ते माहीत होतं. तिनं स्वतःच ओळखून फोटो पाठवला. किरणं पुन्हा सुरू केल्यावर ते लवकर गेले. आता ती कोल्हापुरातच पदवीला आहे. दर तीन-चार महिन्यांनी सगळं अंग तपासलं जातं, काखा-जांघा चाचपल्या जातात. जाड चट्टा, गाठ किंवा जखम दिसली तर वाट न बघता यायचं, हे तिच्या वहीत लिहिलेलं आहे.

लग्नाचं आईनं विचारलंच. आजार संसर्गानं पसरत नाही. मूल होऊ देण्याला या टप्प्यात आडकाठी नाही. नॅरोबँड किरणं गरोदरपणातही देता येतात, फोलिक ॲसिडकडे लक्ष ठेवून. सोयरिकीच्या वेळी कुणाला काय सांगायचं हे ती मुलगी ठरवेल, आणि तेव्हा गरज वाटली तर समोरच्या कुटुंबाशी मी बोलेन, असं सांगितलं आहे.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पाच वर्षांपैकी सर्वांत जास्त वेळ त्या मलमानं खाल्ला. चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टिरॉइडची मिश्र मलमं निदान झाकतात, आणि बायोप्सीही फसवतात. चट्टा घेऊन आलेल्या प्रत्येकाला ‘काय काय लावलंत’ हे विचारून पुरत नाही. ट्यूब घेऊन यायला सांगावं.

संवेदनेच्या तपासणीत ‘संशयास्पद’ लिहिलं गेलं तर ती तपासणी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यक्तीनं पुन्हा करायला हवी. शाळकरी मुलगी, अनोळखी खोली, मांडीवरचा चट्टा: तिथे संकोचापोटी उत्तर चुकू शकतं. सोबत महिला कर्मचारी असावी. १२ महिन्यांच्या औषधाआधी त्यासाठी एक आठवडा थांबणं परवडतं.

आपल्याकडे कुष्ठरोग या लिम्फोमाच्या कितीतरी पट जास्त आहे. म्हणून तो आधी शोधायचा, आणि यापुढेही तसंच करायचं. फक्त जास्त आढळणारा आजार पुराव्यात बसत नसेल तर तिथे थांबायचं नाही. झाकल्या अंगावरचे, सहा महिन्यांहून जुने, संवेदना शाबूत असलेले, बारीक कोंड्याचे फिकट चट्टे मुलात किंवा तरुणात दिसले, तर मलमं बंद करून बायोप्सी करावी. एक नकारात्मक आली तर काही महिन्यांनी पुन्हा करावी. निदान व्हायला दोन-तीन तुकडे लागणं या आजारात नेहमीचं आहे.

नोंदणीचंही एक काम बाकी होतं. या मुलीची नोंद ‘लिम्फोमा’ एवढीच न होता रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातल्या मायकॉसिस फंगॉइड्सच्या सी८४.० या स्वतंत्र क्रमांकाखाली, फिकट रूपाचा उल्लेख आणि लक्षणं सुरू झाल्याचं वय यांसह व्हावी, म्हणून तिच्या संमतीनं कागदपत्रं कर्करोग नोंदणी विभागाकडे दिली आहेत. जिल्ह्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी आणि पॅथॉलॉजिस्टनी अशा प्रत्येक रुग्णासाठी एवढे तीन तपशील लिहायला सुरुवात केली, तर काही वर्षांनी असे कागद घेऊन येणाऱ्या बापाला कोल्हापूरचा आकडा दाखवता येईल.